बाटली क्रमांक एकशे चौदा

तिसऱ्या फळीवर, खेकड्यांच्या पलीकडे, तो.
समुद्रकोळी.
"नावात कोळी, पण जाळं विणत नाही
आणि मासेही धरत नाही," बिरनाळे सर म्हणायचे,
मागच्या बाकावरचं कुणीतरी दर वर्षी हसायचं.

मी अकरावी नापास. बाटलीतलं स्पिरिट उतरलं
की वाढवायचं, हे माझं काम.
सत्तावीस वर्षं दाराशी उभा राहून
एकच तास ऐकला.

धड म्हणाल तर नाहीच.
मोडक्या काडीला चार जोड पाय लावावेत, तेवढा जीव.
अंगात जागा नाही म्हणून आतडं
मांड्यांतून खाली उतरलेलं, थेट नडगीपर्यंत.
मादीची अंडी मांडीतच पिकतात.
कल्ले नाहीत, फुप्फुस नाही.
गार पाण्यातला प्राणवायू
पायाच्या कातडीतून आपोआप झिरपतो
आणि काळीज इतकं दुबळं
की रक्त पुढं ढकलायला आतडीच आवळतात,
सुटतात, आवळतात.

एकदाच विचारलं,
"सर, पोट दुखलं तर ह्यो पाय चोळत असंल काय?"
पोरं खिदळली. सर हसले नाहीत.
बाटली उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले.
"कोळेकर, हे कुणी बघितलेलं नाही."

एका टेंगळावर चार डोळे.
समुद्रफुलाला टोचून रस ओढायला सोंड.
आणि पोटाखाली दुमडलेली एक बारकी जोडी,
चालायची नव्हे, धरायची.
अंड्यांचे गोळे बाप तीत अडकवून हिंडतो,
पिल्लं सुटेपर्यंत.
आईचं काम अंडी देऊन संपतं.
इथं वर्ग गप्प व्हायचा. का, ते मला कळलं नाही.

मग फळ्यावर मोठ्या अक्षरात: वितरण.
नॉर्वेच्या वर, ग्रीनलंडच्या कडेनं, बर्फाखाली,
जिथं पाणी शून्याच्या खाली जाऊनही
मिठाच्या जोरावर वाहतं राहतं.
आणि सांगलीत एक.
बासष्ट साली सरांनी कृष्णेतले शिंपले
कापसात गुंडाळून बर्गेनला कुणाला पाठवले होते.
चार महिन्यांनी उलट टपाली हा आला.

एकोणीसच्या ऑगस्टात आयर्विन पुलाची पातळी
दर तासाला वाढून यायची.
एकावन्न. त्रेपन्न. पुढं कुणी विचारेना.
"किंमतीचं आधी वर न्या," असा हुकूम होता.
सूक्ष्मदर्शक नेले, सांगाडा नेला,
प्राचार्यांची खुर्ची नेली.
एकशे चौदा खालीच राहिली.

पाणी उतरल्यावर मागच्या कुंपणाच्या जाळीत
उसाच्या पाचोळ्याबरोबर ती अडकलेली दिसली.
झाकण घट्ट. स्पिरिट तसंच.
एक पाय सुटून तळाला पडलेला,
म्हणजे त्याच्या आतड्याचा एक तुकडाही.
बाहेर चिकटवलेली सरांच्या अक्षरातली चिठ्ठी
नदीनं नेली.

शमशाद मुल्लाणी मॅडम नवीन रजिस्टर घेऊन बसल्या.
"ठिकाण काय लिहू?"
मला पाठ होतं. उत्तर अटलांटिक, खोली दोनशे दहा मीटर.
तोंडापर्यंत आलंही.
पण सरांचा नियमही तेवढाच पाठ होता:
जिथं सापडला ते ठिकाण, सापडला तो दिवस,
आपल्याला काय वाटतं ते नाही.

"दोन्ही लिहा," मी म्हटलं.
त्यांनी लिहिलं. मग पेन थांबलं.
"इथली खोली?"

"पाणी जिन्याच्या अकराव्या पायरीला होतं."
"म्हणजे किती मीटर?"
ते मला येत नव्हतं.
मॅडम उठल्या, लाकडी फूटपट्टी घेतली
आणि चिखल वाळलेल्या जिन्याशी उकिडव्या बसून
एकेक पायरी मोजू लागल्या.

मी बाटली पोटाशी धरून उभा.
आत सात पाय हलत होते,
माझ्याच हातानं.